बॅटरीची वायर

मंगळवार, राहुरी

आज मामाच्या जुन्या अँबॅसिडरमधी दुसरं इंजिन टाकलं. मामा आत हात घालून स्टार्टरचा बोल्ट आवळत हुता. उगं दचकवायचं म्हनून मी स्टार्टरची वायर बॅटरीला टेकवली. स्टार्टर घर्रकन फिरला आन् मामाच्या हातातलं फडकं चाकाच्या दात्यांत गेलं. मी हसलो बी. मंग बघितलं, तर मामा बोटं मोजत हुता. पाची हुती. पन फडक्याच्या पार चिंध्या.

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं वायर काढून माझ्याच हातात दिली.

“धर घट्ट. मी परत हात घालतो.”

आन् घातला की त्यानं!

जेवताना मामी म्हनली, “काय रं, आज मुठीत काय लपवलंय? पाल का?”

वायर धरलेली मूठ तवापास्नं आवळलेलीच हुती. उघडून दाखवली. काईच नव्हतं.