दुसरा घास

आरमोरी,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गुणाबाईस लटारूभाऊचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे ठीक. धान कापणीला आलं आहे. रानडुकरांनी बांधाकडची बाजू लोळवली, म्हणून तुझी वहिनी सकाळ-संध्याकाळ त्यांचा उद्धार करते. खरं तर फोनच करणार होतो. पण तुझा फोन बहुतेक वेळ विक्कीच्या हातात असतो आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जायला नको. म्हणून कागद घेतला.

मंगळवारी डोळे दाखवायला चंद्रपूरला आलो होतो. डॉक्टरने डोळ्यांत औषध घातलं आणि मला सगळं धुरकट दिसू लागलं. नेमका तेव्हाच तुझा पोरगा गाडी घेऊन हजर झाला आणि मला एका बर्गरच्या दुकानात घेऊन गेला. भिंतीवर पाट्याच पाट्या, पण मला एकही वाचता येईना. विक्की म्हणाला, मामाजी, हा बर्गर वाटाणा-सोयाबीनचा आहे, मांसाचा कणसुद्धा नाही. मी विचारलं, मग याचा रंग मांसासारखा काऊन? तो हसला. तिथेच मला शंका आली. सोयाबीन काय मी आयुष्यात पाहिलं नाही?

पहिला घास गिळला, दुसरा तोंडात घेतला. बाई, ती मटणाची चव होती. इतक्या वर्षांनी तोंडात आली, तरी मी ओळखली. दुसरा घास कागदात थुंकला आणि भर दुकानात त्याला म्हणालो, की मला दिसत नाही म्हणून बाटवतोस का. तिथल्या पोरीने खोका आणून दाखवला, पण तोही मला वाचता येईना. विक्कीने पैसे चुकते केले. मला बसमध्ये बसवून दिलं आणि निघून गेला.

मी मटण कशापायी सोडलं ते तुला ठाऊक आहे. विक्कीला लहानपणी मेंदूचा मलेरिया झाला होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोरगा डोळे उघडत नव्हता, तेव्हा मी नवस बोललो. त्याच्या डोक्यावर ओझं नको म्हणून त्याला आपण कधी सांगितलं नाही. मी तर पावसाळ्यात रानात निघणारे सात्याचे अळंबेही सोडले, कारण त्यांची चव मटणाकडे जाते. मग तो बर्गर खरंच झाडपाल्याचा असला तरी मी सुटलो कुठे? त्यात, तुला म्हणून सांगतो, तो घास मला आवडला. मला त्याचीच भीती वाटते आहे. पोराला ताप नाही ना, हे अंगाला हात लावून पाहा आणि लगेच कळव.

वहिनीने आठवण काढली आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
लटारूभाऊ


बल्लारपूर,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. भाऊंस गुणाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

विक्की ठणठणीत आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा तो रातपाळी करून झोपला होता. मी कपाळावर हात ठेवला तर जागा झाला, आणि मच्छर मारत होते असं मला खोटं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो नुसता शिंकला, तर मला जेवण जाईना. भाऊ, तुमची शंका टपालाने माझ्या घरात आली बघा. शेवटी मी स्वतः त्या दुकानात जाऊन आले. खोक्यावर हिरवा ठिपका आहे, मांसाचं नाव नाही. खाऊनही पाहिलं. चवीचं म्हणाल तर मीही दोनदा खोका वाचला.

पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुम्ही अर्धाच नवस लक्षात ठेवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही रडत होता, वहिनी आणि मी तुमच्या दोन्ही बाजूंना होतो. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "हा पोरगा आपल्या कमाईचा घास मले देत नाई, तवरी मी मटणाले शिवणार नाई." जन्मभराचं तुम्ही कधी बोललाच नव्हता. मला वाटायचं, तुम्हाला आठवतं आहे. तुम्ही मात्र आधी मटण, मग मासळी, मग सात्या असं एकेक स्वतःच वाढवत गेलात.

पेपर मिलमध्ये ठेकेदाराकडे लागल्याचं विक्कीने तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिला पगार झाला की आधी मामाला खाऊ घाल, एवढंच मी त्याला म्हटलं होतं, कारण सांगितलं नाही. दुकान त्याने स्वतः शोधलं. लग्नाच्या पंगतीत मामाजी वांग्याच्या भाजीवर उठतात, त्यांनाही एकदा असं काहीतरी मिळावं, असं त्याच्या मनात होतं. तुमचं खाऊन झालं की नोकरीचं सांगणार होता. तुम्ही त्याआधीच उठलात. तेव्हापासून तो तुमचं नाव काढत नाही. नवसाचं मी त्याला सांगणार नाही. बोललात तुम्ही, सांगायचंही तुम्हीच.

वहिनीला नमस्कार. बोलले ते पोटात घाला आणि बहिणीवरचा जीव कमी करू नका.

आपली,
गुणा


आरमोरी,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. विक्कीस मामाचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचं पत्र काल आलं. तुझ्या मामीला विचारलं, तर ती म्हणाली की तिलाही नवस तसाच आठवतो. दोघी मिळून खोटं बोलत असतील, अशी शंका मला घटकाभर आलीच. पण मामी रडायला लागली, तेव्हा पटलं.

तू लहानपणी मरणाच्या दारात होतास, तेव्हा मी नवस बोललो होतो की तू कमावून मला घास देईपर्यंत मटण खाणार नाही. उपकार समजू नकोस. डॉक्टर त्यांचं करत होते, मला दुसरं काही करता येत नव्हतं. तू पहिल्या पगारातून मला खाऊ घातलंस आणि मी तुलाच बाटवणारा म्हणालो. मला फार लाज वाटते आहे, पोरा.

मामी आज कोंबडा कापायला निघाली होती, मी थांबवलं. कापणी उरकली की चंद्रपूरला येतो. आता माझे डोळे साफ आहेत, तरी पाटी वाचणार नाही आणि खोकाही मागणार नाही. तो झाडपाला होता यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पण पहिल्या घासाने माझा नवस फिटला आणि दुसरा मी तुझ्यासमोर थुंकला. तो दुसरा घास मला तुझ्या हातून खायचा आहे.

राग असला तरी येणं-जाणं तोडू नकोस.

तुझा,
लटारूमामा