शेवटच्या खेपेचा गुलाल

प्रिय आत्याबाई,

सासूला कुणी पत्र लिहितं का, म्हणाल. पण काल परळीत तुमचा तो सिनेमा पाहून आले. किळस आलीय नुसती. ही मळमळ तुमच्यापुढे नाही तर कुणापुढे ओकू?

किती हौस होती तुम्हाला तो बघायची! उसाच्या फडात शूटिंग करून ती सिनेमावाली मंडळी गेली, तेव्हापासून दिंद्रुडच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचात, मी पिच्चरमधी हाय म्हणून. सिनेमा यायच्या आधीच तुम्ही गेलात, याची मला फार हळहळ होती. काल वाटलं, सुटलात.

परदेशात बक्षीस मिळालंय म्हणे. पेपरवाल्यांनी तर डोक्यावर घेतलाय. आणि आहे काय त्यात? ऊस तोडणारी बाई दिसली की रडते, नाहीतर आभाळाकडे बघत बसते. कुणी हसत नाही, कुणी शिवी हासडत नाही. तुमच्या टोळीत मोळ्या बांधताना मुकादमाची जी टिंगल चालायची, ती ऐकून मी पदराआड किती हसायचे!

तेही सोसलं असतं. पण शेवटी तुम्ही दिसलात.

हंगामातली ती शेवटची खेप आठवते ना? भरलेल्या ट्रॉलीला हार, पुढे हलगी, सगळ्यांच्या अंगावर गुलाल. मुकादमाचा फेटा काढून तुम्ही आपल्या डोक्यावर ठेवलात आणि अशा नाचलात की कॅमेरावालाही हसत होता. मी लाजून मागे सरकले, तर हात ओढून म्हणालात, "रडायला लई दिवस हायेत. आज नाच गं."

तोच नाच त्यांनी दाखवला, आत्याबाई. हलगी काढून टाकली, चाल संथ केली आणि वर रडकं व्हायोलिन लावलं. आधी नायिकेचं लेकरू दगावतं. मग तुम्ही नाचताना दिसता, आणि कुणीतरी सांगतं की हिचंही लेकरू असंच गेलं, तेव्हापासून ही भ्रमिष्ट आहे. लोक डोळे पुसत होते. शेजारची बाई तुमच्यासाठी चुकचुकली. तिथंच शिसारी आली मला.

एसटीत बसल्यावर तुमचा लेक हळूच म्हणाला, "माझी माय येडी व्हती का गं?" तुम्ही गेलात त्या दिवशीही मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

तुमचंही थोडं चुकलंच. आल्यागेल्याला एवढा जीव लावायची काय गरज होती? त्या दिग्दर्शकाला शेजारी बसवून बाजरीची भाकर आणि ठेचा वाढलात. खाल्ल्या घरचे वासे मोजून गेला मेला.

आता रविवारी ती मंडळी गावात येणार आहेत. त्यांचा सत्कार आहे. स्टेजवर तुमचा फोटो ठेवायचा आणि तुमच्या नावाची शाल मी घ्यायची, असा सरपंचांचा निरोप आलाय. तुमचा लेक म्हणतो, जाऊच नको.

मी जाणार. शाल घेणार नाही. हलगीवाल्याला सांगून ठेवलंय, गुलाल आणलाय, मुकादम फेटा द्यायला कबूल झालाय. तेव्हा तुम्ही हात ओढलात तरी मी आले नाही. रविवारी तुमच्या फोटोपुढे, त्या सगळ्यांदेखत नाचेन, हा माझा शब्द. बघू या, आता हलगी कोण काढून टाकतंय.

पदराआड हसणारी तुमची सून,
रुक्मिण