तिसरी ओळ

३ ऑगस्ट

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

आणि त्या पासेचं काय कौतुक सांगतेस मला! पैसे पाठवले विहिरीला, तू त्यातून कोळप्याला नवी पास बसवलीस. हातभर लोखंडाचं पातं ते. त्यातून पाणी निघतं का? शेतात तण नाही म्हणतेस, मग कोळपतेस कशाला?

आबांना माझं काम अजून पटत नाही, म्हणून परत लिहितो. एका मोठ्या ऑफिसपुढे गवत लावलंय. त्याला मी दिवसातून तीनदा नळीने पाणी देतो. वाढलं की कापतो, कापलं की फेकतो. कुणी खात नाही. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला याचा पगार मिळतो, आणि तुम्ही बापलेक आभाळाकडे बघत ज्वारी पिकवता.

आधीची दोन कामं मी सोडली, पण इथे मुकादमाला आणखी एका वर्षाचा शब्द दिलाय. विहीर झाल्याशिवाय येत नाही, असं आबांना सांग. वाचून दाखवशील तेव्हा आवाज जरा बरा ठेव.

लोभ कोळप्यावर थोडा कमी आणि माझ्यावर थोडा जास्त असावा.

तुझा धाकटा


१४ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. पाऊस जाऊन सव्वीस दिवस झाले. जमिनीला भेगा पडल्या की आतली ओल उडून जाते. कोळपलं की भेगा बुजतात, वर मोकळ्या मातीचा थर बसतो आणि ओल खाली कोंडून राहते. तणाचा काही संबंध नाही. हे तुला तिसऱ्यांदा लिहिते आहे. येणारे-जाणारे विचारतात, नुसती माती कशाला खाजवतेस. मी म्हणते, तिला बरं वाटतं.

यंदा तेवढ्यानेही भागेना. दर तिसरी ओळ उपटली तर उरलेल्या दोन तगतील, हे आबांनीच मला शिकवलेलं. पण वेळ आली तेव्हा त्यांचा हात होईना. बांधावर बसून म्हणाले, घरातलं एक उपटून लांब टाकलं, त्याने आपण दोघं कुठे पोसलो? मग म्हणाले, पोरगं सांगेल तर उपटतो.

तुझ्या पत्राला दहा दिवस लागतात. ज्वारीकडे चार होते. म्हणून गेल्या आठवड्यात, तुझं हे यायच्या आधीच, तुझ्या नावाचं पत्र मीच लिहिलं. आबांची नजर अधू असली तरी कागद हातात घेऊन बघतात, म्हणून अक्षर तुझ्यासारखं काढलं, बारा चुका केल्या. वाचून दाखवलं. म्हणाले, पोराला अक्कल आली. मग विचारलं, आणखी काय लिहितो? कागद संपला होता, पण ते वाट बघत होते. माझ्या तोंडून गेलं, कापणीला येतो म्हणतो.

तसे ते उठले. दोन दिवस एकेक ताट मुळासकट उपटत होते, मला हात लावू दिला नाही. उरलेल्या ओळींची पानं आता दुपारीही तहानेने गुंडाळत नाहीत. आबा रस्त्याकडे तोंड करून बसतात.

आणि तू वर्षभर येत नाहीस म्हणतोस. ते पत्र मी अजून वाचलेलं नाही, म्हणजे मोठ्याने. काय करू, लगेच कळव.

रागावशील तेवढा रागाव, माया पातळ करू नकोस.

तुझी ताई


२६ ऑगस्ट

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

माझ्या नावाने पत्र लिहितेस, तुला चौकीत दिलं पाहिजे. आणि बारा चुका मी करत नाही, आठ होतात. राग याचा की आबांनी जन्मात माझं एकच बोलणं शहाणपणाचं मानलं आणि तेही तुझं निघालं.

मागच्या आठवड्यात इथला नळ दोन दिवस बंद होता. सगळं गवत पिवळं पडलं. खणून बघितलं तर मूळ बोटभर. रोज वरून मिळतंय तर ते खाली जाईल कशाला? साहेबांना म्हटलं, पाणी जरा तोडून, दिवसाआड देऊ द्या. ते म्हणाले, तुला पगार पाणी द्यायचा आहे, मुळं बघायचा नाही. लहानपणी आबांनी ज्वारीचं मूळ खणून दाखवलं होतं, माझ्या डोक्याहून खोल गेलेलं. तेव्हा मला भूक लागली होती, लक्ष दिलं नाही.

विहिरीचं भांडण मी सोडलेलं नाही, ते समोर बसून करू. माझं आधीचं पत्र चुलीत घाल. तू लिहिलंस तेच माझं असं धर. मुकादमाला सांगितलं, कापणीला घरी जातोय. तो म्हणाला, गेलास तर जागा राहणार नाही. म्हटलं, गवत राहील.

लोभ ठेव, सही मात्र यापुढे मलाच करू दे.

तुझा धाकटा
(हा खरा)

ता. क. तिकीट काढलंय, म्हणून या खेपेला विहिरीचे पैसे कमी. पाठवतोय ते नऊशे चाळीस.