नव्या प्रोबचा आकडा

१२ एप्रिल २०१६, वडवणी
आलो एकदाचा. एसटीतून उतरलो तेव्हा अंगावर एवढी धूळ होती की चौकीदाराला मी भट्टीतूनच निघालो असे वाटले असावे. आमची सहकारी संस्था मातीच्या जलगाळण्या करते. दुष्काळात टँकरचे गढूळ पाणी प्यायचे तर गाळणी हवीच, म्हणून मागणी जोरात आहे. माझ्याकडे भट्टीचा प्रोब. गाळणीच्या मातीत भुसा असतो, तो जळायला हवा लागते; आत प्राणवायू किती टक्के उरला ते ही चिनीमातीची नळी सांगते. चेअरमन विठ्ठलरावांनी स्वतः चहा पाजला, कामाचा माणूस आला म्हणाले. बरे वाटले.

१५ एप्रिल
नळीची दशा बघवत नाही. तीन ठिकाणी तडकलेली, सिमेंटने लिंपलेली. ती भट्टीत बोटबोट सरकवायची असते. इथे घाईने खुपसतात. मग आकडा कधी खरा, कधी खोटा. यंत्राचे नावच लबाड पडले आहे. भट्टीचे दार चिणणारा गहिनीनाथ म्हणाला, "त्येच्यावर कोन इस्वास ठिवतंय, साहेब?"
माझ्या आधीचा ऑपरेटर जालिंदर मागच्या उन्हाळ्यात वारला. कशाने, ते कुणी सांगेना. त्याची आई मनकर्णाबाई दिवसभर भट्टीशेजारी बसून असते. मी नमस्कार केला, ती जयभीम म्हणाली आणि पुन्हा भट्टीकडे बघू लागली.

२१ एप्रिल
माझी पहिली भट्टी. गाळण्या रचल्या की दार विटांनी चिणतात, चिखलाने लिंपतात. गावाला प्यायला पाणी नाही, चिखलाला आहे. तीन तास लिंपण वाळू देतात, मग बर्नर. त्या तीन तासांत आत विस्तव नसतो, आकडा २०.९ वरून हलायचे कारण नाही. तो उतरत उतरत १९.८ वर आला. विठ्ठलरावांनी मी नव्याने लिंपलेल्या नळीकडे अशा नजरेने पाहिले की नाचता येईना अंगण वाकडे हे बोलायची गरजच उरली नाही.

२ मे
नवी कोरी नळी आली. उघड्यावर २०.९, तिळाएवढा फरक नाही. भट्टी चिणल्यावर पुन्हा १९.८. तेवढ्याच वेळात, तेवढेच. बिघडलेले यंत्र असे शिस्तीत बिघडत नाही. बंद जागेत एक माणूस श्वास घेत बसला तर हवा अशी सरते. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

३ मे
गहिनीनाथ आज बोलला. जालिंदर भट्टीच्या आत, रचलेल्या गाळण्यांच्या मागे बसून नळीचे टोक लिंपत होता. बाहेर जनरेटरचा धडधडाट. गहिनीनाथ आणि बाकीच्यांनी न बघता दार चिणले. आकडा उतरताना सगळ्यांनी पाहिला, लबाड पुन्हा बिघडला म्हणाले, आणि पेटवली. पुढे अपघात असा ठराव झाला. "रोजच खोटं बोलायचं त्ये. त्याच दिशी कावून ऐकावं आमी?" मला जेवण गेले नाही.

९ मे
मनकर्णाबाईने विचारले, नवे यंत्र काय म्हणते. सांगायला नको होते. सांगितले, आत कुणीतरी श्वास घेते आहे. ती रडली नाही. "एकलाच हाय का?" एवढेच विचारले. मी हो म्हणालो.

१४ मे
नवी नळीही सदोष, असे विठ्ठलरावांनी लेखी मागितले. नाहीतर घरी जा. दिले लिहून. सही एका दमात केली, याचीच चीड येते.

१६ मे
सकाळी रचाई. सगळे जेवायला गेले, परत येऊन दार चिणले. मी आकडा बघणार नाही.

दीड तास. बघितला. १९.८ आत्ताच—

तीन तास. १८.७. घट दुप्पट. नेमकी दुप्पट.

विठ्ठलराव म्हणतात पेटवा. म्हणतात, तुमचीच सही आहे.

पेटवली.

भट्टीशेजारची मनकर्णाबाईची जागा रिकामी. जेवणाच्या सुटीपासून. तिच्या चपला दाराला लागून, अर्ध्या चिखलाखाली—
बर्नर बंद केला. ओरडून सांगतोय, आकडा खरा आहे. गहिनीनाथ म्हणतो तुमीच तर लिवून दिलं— विटांनी हात भाजतात— पहार कुणी देईना—

आकडा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थांबला. म्हणजे आता आत कुणीच—