शनिवारचा प्रसाद

कुसगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हिरास,
अनेक आशीर्वाद. माझे घ्यावेसे वाटले तर.

मळवलीला भात कापून झालं का? यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, म्हणून विचारते. तुझ्या हर्षदाची सहामाही कशी गेली? तिला म्हणावं, गणितात पायऱ्या गाळू नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत तुला वाचायला मीच शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

माझ्या अंगावर पित्त उठणं थांबलंय. दोन शनिवार झाले, एक गांध नाही. दूध, गहू, वांगं, अंडं, शेंगदाणे सगळं बंद करून मग एकेक परत सुरू करायचं, म्हणजे नेमकं काय बाधतं ते कळेल, हे डॉक्टरांचं म्हणणं तुला पाठच आहे. तीन आठवडे तूच तसं रांधलंस. दाण्याच्या कुटाशिवाय भाजी कशी लागणार म्हणून कुरकुरलीस, आणि तरी अशी चवदार केलीस की मला संशय आला. बघ, चव लागली म्हणून संशय!

खाल्लेलं सगळं मी वहीत लिहीत होते. कोरा चहा, भाकरी दीड, दुधीची भाजी. आणि दर शनिवारी रात्री पित्त. भाजी तुझ्या हातची, म्हणून मी निकाल लावून मोकळी झाले.

तू गेल्यावर मी स्वतः रांधलं, नुसता वरणभात. शनिवारी पुन्हा पित्त. डॉक्टर म्हणजे कालचं पोर, मला विचारतो, "आजी, शनिवारी बाहेर काय खाता?" म्हटलं, काही नाही, मारुतीला जाऊन येते तेवढंच.

"तिथं काय खाता?"

"तिथं खाणं कसलं? प्रसाद असतो."

त्यानं पेन खाली ठेवलं.

मूठभर गूळ-शेंगदाणे, हिरा. हातावर घेतले, कपाळाला लावले, तोंडात टाकले. वहीत लिहायचं मनातसुद्धा आलं नाही. प्रसाद का कुणी खाण्यात धरतं?

हे कळून दोन आठवडे झाले. लिहायचा धीर आज झाला.

हर्षदासमोर मी तुला म्हणाले, "तुझ्या हातात विष आहे." तू एवढंच म्हणालीस, "बाई, मी कूट न्हाई घातला." मग भांडी घासून, पालथी घालून गेलीस. मी तिथंही थांबले नाही. शेजारच्या राजेश्वरीताईंचे कान भरले, म्हणून त्यांच्याकडचंही तुझं काम सुटलं. मला फार लाज वाटते.

काल देवळात त्यांच्यासमोर, सगळ्या बायकांसमोर खरं सांगितलं. ताई तुला निरोप पाठवतील. जायचं की नाही ते तू ठरव. माझ्याकडे परत ये म्हणायला मला तोंड नाही.

वहीचं ते पान सोबत ठेवलंय. 'हिराने कूट घातला' असं त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. तुझ्या वह्यांवर मी लाल शाईनं थोड्या का फुल्या मारल्या? ही एक तू मार. आणि हर्षदाला दाखवून मार, तिनं ऐकलंय ते.

चुकलेली,
तुझी इंदिराबाई