नीमाच्या शेजारची सीट

९ फेब्रु., सोम.
वरच्या खोलीतली नीमा आज परत कंपनीत उशिरा पोचली. पोरगी टांझानियाची, उल्हासनगरच्या कॉलेजात फार्मसी शिकते. सध्या ट्रेनिंग आनंदनगरला, औषधांच्या कंपनीत. चौथा लेट मार्क. सहावा लागला की ट्रेनिंग रद्द, म्हणजे वर्ष गेलं, परत मायदेशी. रडत होती. मी म्हटलं, जल्दी उठा करो. तर म्हणे, "उठती हूँ आंटी. रिक्शा भरती नहीं." मला वाटलं, बहाणा.

१० फेब्रु.
दूध आणायला खरवई नाक्यावर गेले. नीमा शेअर रिक्षात मागे एकटीच, बॅग मांडीवर. लोक येत, आत बघत, नि बाजूला उभे राहत. कोणाला फोन आला, कोणाचा मित्र यायचाय. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, आप पीछेवाली में बैठो ना." ती उतरली नि दोन मिनिटांत रिक्षा भरली! सगळे ओळखीचे चेहरे. लाज वाटली.
पाचवा लेट मार्क.
घरी येऊन ह्यांच्यापुढे तावातावाने सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता, "लोकांचं राहू दे. तिचा चहाचा कप आपण वेगळा ठेवलाय, त्याचं काय?" ठेवलाय खरा. निळा. मीच.

११ फेब्रु., बुध.
तिच्यासोबत रिक्षात बसले. आनंदनगरला मला काम काय, तर काही नाही. "चला, आनंदनगर एक सीट!" म्हणून ओरडले. रिक्षावाला म्हणाला, "काकू, माझा धंदा मला करू द्या की." तरी कोणी बसेना. नमस्कार मात्र सगळ्यांनी केला.
मग भाजीवाली कमळाकाकू आली, टोपली घेऊन. इकडेतिकडे न बघता घुसली.
"सरक गो बाय, टोपली मावली पायजे. कंच्या गावची तू?"
नीमाला एवढं मराठी कळतं. "टांझानिया."
"त्या कर्जतच्या पुढं का?"
नीमा हसली. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा पाहिलं तिला अशी हसताना. टोपली तिने स्वतःच्या मांडीवर घेतली. नऊच्या आत गेटवर. कमळाकाकूला देव शंभर वर्षं देवो.
निळा कप बाकीच्या कपांत मिसळला. ह्यांना निळ्यातच चहा दिला. 

१३ फेब्रु.
काल, आज दोन्ही दिवस तिच्यासोबत गेले. कमळाकाकू होती. गुडघा ठणकतोय, चढउतार नको झालाय.
संध्याकाळी नीमा खाली आली, तिच्या हातच्या चपात्या घेऊन. तिकडेही चपातीच म्हणतात म्हणे! बोलता बोलता माझ्या बीपीच्या गोळ्या उचलून बघितल्या. दोन पट्ट्या, एक आधीच्या डॉक्टरांची, एक आत्ताच्या. "आंटी, दोनों रोज लेती हो? ये तो एक ही दवा है." मी महिनाभर दोन्ही घेतेय. चक्कर येते ती वयामुळे, असं मीच ठरवून टाकलेलं. शहाणपणा!

१४ फेब्रु.
डॉक्टरांकडे जाऊन आले. तिचं बरोबर निघालं. एक पट्टी बंद. डॉक्टरांनी विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? म्हटलं, आमच्या नीमाच्या. ही पोरगी माझ्या घरात राहते हे माझं नशीब. आणि मी तिला कप...
गुडघ्याला मात्र आठ दिवस सक्त आराम. रिक्षा बंद.

१६ फेब्रु., सोम.
ऐकलं नाही. काठी घेऊन नाक्यावर गेलेच. नीमा आधीच मागच्या सीटवर. मला बघितलं नि मानेनेच नको म्हणाली. मग दोन्ही हात जोडून, अगदी आपल्यासारखं, नको. बरोबर आहे तिचं. मी किती दिवस बसणार, आठ? दहा? तिला अख्खं वर्ष काढायचंय इथं.
म्हणून टपरीपाशी थांबले. कमळाकाकू आज नाही, सुनेला दवाखान्यात नेलंय.
कंपनीच्या गणवेशातली एक मुलगी आली. आत डोकावली.  बसली! नीमाशी काहीतरी बोललीसुद्धा. कोणाची लेक माहीत नाही, भलं होवो तिचं.
एक सीट राहिली. साडेआठ वाजून गेलेले. चार माणसं उभी, चौघेही मोबाईलमध्ये. मी तिथे थांबले असते तर जाऊन बसले असते, म्हणून घरी वळले.
आता नऊला दहा कमी. नीमाचा पोचल्याचा फोन नाही. देवाकडे आजवर काय काय मागितलं, आज फक्त एक माणूस मागितलाय.