ही जीप नाही

१२ फेब्रुवारी
परत तेच. दिवाळीपासून घसा कोरडा करतोय, बाबा, उतारावर इंजिन बंद करायचं नाही. काल ओतूरला मामाकडे पत्रिका द्यायला गेले आणि येताना माळशेजचा अख्खा घाट गाडी बंद करून उतरले. वर फोन करून माझ्याकडेच शाबासकी मागतात. पेट्रोल वाचवलं बग, म्हणाले.
टर्बो आहे तो. तापलेला असताना फटकन बंद केला की आतलं ऑइल जळून कोळसा होतो. हे मी शांतपणे सांगितलं. बाबा म्हणाले, बावीस वर्षं मुरबाड-कल्याण जीप मारतोय, उतार देवाने फुकट दिलाय, त्याला पेट्रोल का जाळायचा? मी म्हणालो, ही जीप नाही. ते म्हणाले, चाकं तर चारच हायत.
ठरवलं: यापुढे चिडायचं नाही. मी गाड्यांच्या लाइनीतला माणूस आहे. लेव्हलने समजवायचं.

१३ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी
प्लॅन एकदा लिहून ठेवतो. गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, दोनशे घोडे, सेकंडहँड. वाशिंदच्या डीलरकडून चार लाख वीस हजार, म्हणजे हैदराबादची चार वर्षं. डीलर म्हणाला होता, एखाद्या मेकॅनिकला दाखवून घ्या. मी म्हणालो, मी स्वतः सर्व्हिस सेंटरला आहे. त्याने लगेच कागद पुढे केले.
९ मेला कुणालीचं लग्न. माझी बहीण माझ्या गाडीतून किन्हवलीला सासरी जाणार. ती गाडी बघून शहापूर-मुरबाडचे सगळे नवरदेव मागे लागणार. दिवसाचं भाडं सहा हजार. दिवाळीला मी हैदराबाद सोडून घरी. कायमचा.
(सर्व्हिस सेंटरला मी वॉशिंगमध्ये आहे. पण आमच्या वॉशिंगपासून बोनेट सात फुटांवर उघडतात. सगळं दिसतं.)

२२ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर पिवळी लाइट लागली होती, इंजिनच्या आकाराची. कधीपासून, फोनवर विचारलं. आई म्हणाली, आठ दिवस झाले, पण आता नाय दिसत. मला बरं वाटलं. मग कळलं की आईने त्यावर आपली टिकली चिकटवली आहे. बाबांचं लक्ष जातं रे तिकडं, सारखं सारखं, म्हणून.
टिकली काढायला लावली. मुरबाडचा मेकॅनिक रविंद्र म्हणाला, चारपैकी एक कॉइल गेली, गाडी तीनच सिलिंडरवर पळत होती. तीन सिलिंडरवर पळत होती आणि बाबांना कळलं नाही! एवढी ताकद आहे इंजिनात. खूश झालो.

५ मार्च
नऊशे किलोमीटरला एक लिटर ऑइल खाल्लं. बाबा म्हणाले, माझी जीप सहा महिन्यात एवढा खात नाय. मी म्हणालो, पैलवान आणि कारकून यांचा खुराक सारखा असतो का? निरुत्तर झाले.
नंतर कळलं, निरुत्तर नव्हते झाले. जीपच्या डब्यातलं जाडं ऑइल आणायला उठले होते. तेच ओतलं.

१९ मार्च
सकाळी गाडी चालू केली की पुढून खडखड आवाज येतो. बाबांनी फोन बोनेटवर धरून ऐकवलं. मी म्हणालो, स्पोर्ट साउंड आहे, लोक यासाठी पैसे मोजतात. आई मागून म्हणाली, डब्यात चिंचोके हलवल्यासारखा वाजतोय.
खात्री करायला इथल्या श्रीनू अण्णाला ऐकवलं. हेड मेकॅनिक. त्याने तीन सेकंद ऐकलं आणि हात पुसला. म्हणाला, चेन का टेन्शनर गया. ये इंजन पहले तेल खाता, फिर चेन खाता, बाद में मालिक को. मी हसलो. तो हसला नाही.
टेन्शनर म्हणजे इंजिनातली चेन ताणून धरणारा. चेन तुटली तर व्हॉल्व्ह-पिस्टन सगळं संपलं. दुरुस्ती अडतीस हजार. कुणालीच्या सोन्याच्या रिंगांसाठी बाजूला ठेवलेले पाठवले. रिंगा काय, पुढच्या वर्षीही घेता येतात. गाडीतून उतरणारी नवरी एकदाच उतरते.

३० मार्च, पाडवा
गुढीशेजारी गाडीला हार घातला. फोटो आला. खडखड बंद. बाबा उतारावर इंजिन चालू ठेवतात, थांबल्यावर मिनिटभर चालू ठेवून मगच चावी काढतात. न विसरता. कुणाली म्हणाली, दादा, बाबा आता बंद करायच्या आधी मोठ्याने साठ मोजतात, गावातली पोरं पण बरोबर मोजतात.
शिकवलं की शिकतो माणूस. शिकवणारा पाहिजे.

२४ एप्रिल
कूलंट गळतोय, इंजिन थंड ठेवणारं पाणी. गाडीखाली गुलाबी डाग. वॉटर पंप गेला. या इंजिनात तो प्लॅस्टिकचा असतो, उष्णतेने चिरतो, अण्णा म्हणतो सगळ्यांचा चिरतो. एवढं डोकं लावून इंजिन बनवणारे आणि पंप बादलीच्या प्लॅस्टिकचा!
कंपनीचा पंप चौदा हजार. रविंद्र म्हणाला, तोच घ्या. मी रात्रंदिवस व्हिडिओ बघतो, मला माहीत आहे. कल्याणला तसाच डुप्लिकेट साडेपाच हजारांत मिळतो. रविंद्र म्हणाला, शेठ, तुमची मर्जी.

२६ एप्रिल
साडेपाच हजार कुठून आणायचे, हा प्रश्न सुटला. माझं जाण्यायेण्याचं तिकीट आणि सुट्टीत कापला जाणारा पगार मिळून बरोबर तेवढेच होतात. तिकीट रद्द केलं. शेवटी लग्नात मी दिसणं महत्त्वाचं की गाडी?
कुणालीला सांगितलं. म्हणाली, कानपिळी कोण करणार? नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, सख्खा भाऊ असताना दुसऱ्याने पिळायचा का? मी म्हणालो, अगं दोन मिनिटांचा कार्यक्रम तो, गाडीचे फोटो जन्मभर राहतील. ती म्हणाली, गाडी नको दादा, तू ये.
लहान आहे. कळेल तिला.

७ मे, सकाळी ११
पंप बसला. रविंद्रला दुसरीकडे घाई होती, बसवून गेला. पंप बसवल्यावर पाण्यातली हवा काढायला गाडी उभ्याने चालू ठेवावी लागते. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. झाकण कसं उघडायचं, पाणी कसं घालायचं. दहाएक मिनिटं लागतात. बाबा, मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. ते म्हणाले, बरं. परत म्हणालो, काही झालं तरी मी सांगेपर्यंत नाही. ही जीप नाही. ते म्हणाले, नाय रे बाबा, जीप नाय, कळला.
सुपरवायझर आला. ड्युटीवर फोन म्हणून काढून घेतला, लॉकरमध्ये टाकला. हरकत नाही. दहा मिनिटांचं तर काम.

७ मे, दुपारी १
फोन मिळाला. तेवीस मिस्ड कॉल.

७ मे, संध्याकाळी
आईने सांगितलं.
नव्या पंपातून पाणी गळत होतं. तापमानाचा काटा वर चढला. आई म्हणाली, बंद करा. बाबा म्हणाले, पोरगा सांगेल तवा. मला फोन लावत बसले. काटा लालवर गेला. मंडप घालणारे म्हणाले, काका, वाफ येतेय, बंद करा. जीप असती तर मी कधीच बंद केली असती, बाबा त्यांना म्हणाले, पण ही जीप नाय, तो लाइनीत हाय, त्याला कळतं. कानाला फोन लावून आत बसून राहिले. घामाने निथळत. एसी लावला नाही, इंजिनवर लोड येईल म्हणून. तेही मीच शिकवलं होतं.
पाऊण तासाने ती आपणच बंद पडली.
आई म्हणाली, बंद पडली तरी दहा मिनिटं उतरले नाय रे. म्हणाले, त्याचा फोन आला नाय अजून.

८ मे
रविंद्र म्हणाला, हेड वाकलं, गॅस्केट उडालं, पिस्टन आत जाम झालेत. आता रिपेअर नाही. दुसरं इंजिन टाका, एक लाख नव्वद हजार, तेही जुनं.
विचार केला. ओव्हरटाइम, रविवार, आणि रूमवर एकच वेळ जेवण. दीड वर्षात जमा होतं. होतंच.
अण्णाला विचारलं, एका दिवसात काही करता येईल का? म्हणाला, बहन की शादी कल है ना? फिर तू इधर क्या कर रहा है?
स्टेशनवर जाऊन आलो. दुपारची गाडी निघून गेली होती; रात्रीच्या जनरलने निघालो तरी घरी पोचेपर्यंत उद्या दुपारचे तीन. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. परत आलो.

९ मे
मामाने व्हिडिओ कॉल लावला होता. नेट अडकत होतं. नवरा ओमकार, चांगला दिसतो. माझा चुलत भाऊ कान पिळायला पुढे झाला तर ओमकारने कानावर हात ठेवला. म्हणाला, हा कान विपुलदादांचा, येतील तेव्हा पिळतील, मी राखून ठेवतो. सगळे हसले. मी पण हसलो. मग नेट गेलं.
बरं झालं गेलं.
मागे कोपऱ्यात गाडी दिसली होती. बोनेटवर जेवणाच्या पत्रावळी ठेवल्या होत्या.

१० मे
कुणाली काल जीपमधून सासरी गेली. बाबांनी सकाळी सहालाच जीप धुतली, गाडीच्या नावाने आणलेला हार जीपलाच बांधला. मागे पाठराखीण आणि आत्या.
कुणालीचा फोन आला. मी गाडीचं काहीतरी बोलायला लागलो, नवीन इंजिनचं. ती म्हणाली, ऐक ना दादा. किन्हवलीच्या अलीकडे मोठा उतार आहे ना, तिथे बाबांनी सवयीने जीप बंद केली. एकदम शांत झालं. तेव्हा कळलं, बाबा रडत होते. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. खाली आल्यावर परत चालू केली, नुसत्या गिअरवर, चावी न मारता.
मी विचारलं, लगेच चालू झाली का?
म्हणाली, पहिल्या झटक्यात.
इंजिनचे पैसे पाठवू नको म्हणून आईने बजावलंय. रिंगांचा विषयही काढत नाही कोणी. बाबांशी बोलणं झालं, एवढंच म्हणाले, तू सांगितलेलं मी सगळं केला रे.
जीपला किन्हवलीला जाऊन यायला पाच लिटर डिझेल लागलं. तेवढं तरी मी द्यायला पाहिजे.
आज पाठवतोय. साडेचारशे रुपये.